कालवा खोदतानाच्या चित्राची कॉपी करताय? या चुका टाळा

जळगावात माझ्याकडे तैलरंग शिकायला येणाऱ्यांना नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन चित्रकार योनास ली यांच्या 'द कॉन्करर्स' या चित्राची भारी ओढ असते. पनामा कालव्यासाठी कुलेब्राचा डोंगर फोडतानाचं हे 1913 सालचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चित्र मोठ्या ताकदीचं आहे, म्हणूनच त्याची घाईत लावलेली वाट बघवत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे काय रंगवतोय हे न समजता ब्रश उचलणं. गिरणेच्या जामदा कालव्याकाठच्या गावचा एक मुलगा होता, हात फार चांगला. मोबाइलवरचा फोटो बघत आठवडाभरात त्याने चित्र उभं केलं, आणि खोदकामाच्या तळाशी मस्त निळं पाणी सोडलं! मी विचारलं तर म्हणाला, "सर, कालवा आहे ना? मग पाणी नको का?" मूळ चित्रात तिथे रूळ आहेत, वाफेची इंजिनं आहेत, आणि तो निळसरपणा सावलीतल्या धुराचा आहे. फोडलेला खडक गाड्यांतून बाहेर जात होता, तेव्हाचा हा कोरडा तळ आहे. या खोदकामात पाणी शिरू न देणारा गांबोआचा बांध सुरुंगाने उडवला 10 ऑक्टोबर 1913 ला, आणि कालवा जहाजांना खुला झाला 15 ऑगस्ट 1914 ला. ली तिथे गेले ते त्याआधी. पाणी घातलं की रूळ जातात, रूळ गेले की धूर कुठून येतोय ते कळत नाही, आणि राबणारी माणसं नुसती काठावर उभी राहिल्यासारखी दिसतात. तो सगळा भाग खरवडून काढावा लागला.

म्हणून माझ्याकडे आधी पेन्सिलने कच्चं रेखाटन होतं. रूळ कुठे, इंजिन कुठे, उजेड कुठून, हे बोट ठेवून सांगता आलं तरच कॅनव्हास मिळतो. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

धुराचंही तेच. सगळं चित्र झाल्यावर वरून टायटॅनियम व्हाइटचे पुंजके मारले की धूर होत नाही, कापूस होतो. मागच्या डोंगराचा रंग ओला असतानाच धूर त्यात मिसळत न्यायचा, उन्हात उबदार, सावलीत निळा. ट्यूबमधला काळा मी पॅलेटवर येऊच देत नाही. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, हवा तेवढा गडद रंग मिळतो.

मापाची चूक तर दर वेळी. मूळ चित्र साधारण 50 बाय 60 इंचांचं, उभं. दुकानातला तयार 18 बाय 24 चा कॅनव्हास त्या प्रमाणात बसत नाही, मग डोंगर ताणला जातो. 20 बाय 24 चा ताणून घ्या आणि ग्राफ मारा, म्हणजे फोटोवर आणि कॅनव्हासवर सारख्याच चौकटी आखून चित्र उतरवा.

घाण्याचं खायचं जवस तेल रंगात घालू नका. चित्रकलेचं शुद्ध केलेलं तेलच आणा.

आता वॉर्निश. या चुकीचा मला खरोखर राग येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो आणि चार दिवसांत रंग बोटाला लागेनासा होतो, म्हणून लोक लगेच वॉर्निश फासतात. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वरची साय आधी धरते आणि आतला थर कच्चाच राहतो. पुढे भेगा पडतात. शिवाय खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, तेल वरच्या थरांत जास्त, हा क्रम उलटा केलात तर वॉर्निशशिवायही भेगा ठरलेल्या. पातळ थर असेल तरी मी सहा महिने थांबतो, जाड असेल तर वर्षभर. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

चुकीच्या वॉर्निशने काय होतं ते बघायला लांब जायला नको. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं वॉर्निश दिलं. ते पिवळं पडलं आणि पुढच्या संवर्धकांना ते काढत बसावं लागलं.

आणि सही. ली यांची सही कॉपीत उतरवू नका. मागच्या बाजूला 'योनास ली यांच्या चित्रावरून' असं लिहून खाली आपलं नाव आणि साल घाला.