पंख्यात अडकलेले सूत

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असल्यामुळे सुताचे बारीक तंतू घरात सतत येतात. यंदा एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडू लागला आणि आमचा संगणक दुपारी अक्षरशः रखडू लागला. एका दुरुस्ती करणाऱ्याने नवाच घेण्याचा सल्ला दिला. तो मला घाईचा वाटला.

टास्क मॅनेजरमध्ये (संगणकात काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये) डिस्कचा वापर १०० टक्के दिसत होता. स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले, टेम्पररी फाइल्स काढल्या, तरी फरक थोडाच पडला.

मग वायर काढून कॅबिनेट उघडले, तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याखाली हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये टॉवेलच्या सुताचा करडा थर इतका घट्ट बसलेला दिसला, की तो चिमट्याने सोलून काढावा लागला. हवेची वाट अशी अडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. दुपारच्या रखडण्याचे कारण हेच होते. पंखा बोटाने धरून ठेवून मऊ ब्रशने सगळे साफ केले, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावली.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि माहिती शोधण्यासाठी ती वाचणाऱ्या हेडला जागा बदलावी लागते, त्यामुळे ती संथ असते; म्हणून विंडोजसाठी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, जुनी डिस्क छायाचित्रांसाठी ठेवली. आता संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. तो जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला आहे, आणि दर दोन महिन्यांनी मी कॅबिनेट उघडून सूत काढतो.