फेब्रुवारीतल्या एका रविवारासाठी: डोमिनिकन प्रजासत्ताकाची सहल कशी आखावी

सगळ्यात आधी नकाशा. कॅरिबियन समुद्रात डोमिनिका नावाचा एक वेगळा, छोटा, इंग्रजी बोलणारा देश आहे. आपण बोलतोय ते डोमिनिकन प्रजासत्ताक म्हणजे हिस्पानिओला बेटाचा पूर्वेकडचा भाग. पश्चिमेला हैती, भाषा स्पॅनिश. तिकीट काढताना विमानतळाचं नाव सांतो डोमिंगो (एसडीक्यू) किंवा पुंता काना (पीयूजे) आहे ना, हे बघा. डीओएम दिसलं तर तुम्ही भलत्याच बेटावर निघाला आहात.

कागदपत्रं

भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा हातात असेल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्या. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी मंडळींना हा प्रवास फारच सोपा. थेट विमानाने चारेक तास.

जाताना आणि येताना ‘ई-तिकीट’ नावाचा सरकारी फॉर्म भरून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते बंद करून सरकारी शोधा.

तारखा रविवारावरून ठरवा

बहुतेक लोक पुंता कानाच्या रिसॉर्टमध्ये मनगटाला पट्टा बांधून सात दिवस काढतात. समुद्र सुंदर आहे, वाद नाही, पण देश त्या कुंपणाबाहेर आहे. म्हणून आधी फेब्रुवारीतला एक रविवार निवडा आणि बाकीची सहल त्याच्या आजूबाजूला बसवा. फेब्रुवारीच्या दर रविवारी दुपारनंतर ला वेगा गावात कार्निव्हल असतो. 27 फेब्रुवारी हा स्वातंत्र्यदिन. 1844 साली हा देश स्वतंत्र झाला तो स्पेनपासून नव्हे, शेजारच्या हैतीपासून. लॅटिन अमेरिकेत असं उदाहरण विरळाच.

गुरुवारी सांतो डोमिंगोत उतरा, दोन दिवस जुन्या वसाहती भागात हिंडा. 1990 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि अमेरिका खंडांतलं सर्वांत जुनं कॅथेड्रल इथेच आहे. शनिवारी बसने सांतियागोला किंवा डोंगरातल्या हाराबाकोआला मुक्कामाला जा. ला वेगा दोन्हीकडून जवळ पडतं.

मार कसा चुकवावा

ला वेगाच्या रस्त्यावर उतरतात ते ‘दियाब्लो कोहुएलो’, म्हणजे लंगडे सैतान. शिंगं, विचकलेले दात, घुंगरं, चकचकीत झगे. त्यांच्या हातात ‘वेहिगा’ असतो: गुरांच्या वाळवलेल्या मूत्राशयाचा दोरीला बांधलेला फुगा, हल्ली रबराचाही मिळतो. रस्त्यात सापडलेल्या माणसाच्या पार्श्वभागावर तो सणसणीत बसतो आणि दोन दिवस बसताना आठवण राहते. फुटपाथवरच उभे राहा, पाठ भिंतीला टेकवा, जाड जीन्स घाला. पोरांना पुढे करू नका. फोटोच्या नादात रस्त्यात उतरलात तर तक्रारीला जागा नाही.

खायचं काय, मागायचं कसं

सकाळी मांगू. हिरवी केळी उकडून, त्यांचंच थोडं पाणी आणि लोणी घालून घोटतात, वर व्हिनेगरमधला लाल कांदा. केळं आपल्या राजेळीच्या जातकुळीचं. मांगूबरोबर तळलेलं चीज, अंडी आणि सलामी (मांसाचं सॉसेज) येते. शाकाहारी असाल तर सलामी आधीच नको म्हणा.

दुपारी ‘कोमेदोर’ शोधा, म्हणजे खानावळ. तिथे ‘ला बांदेरा’, अर्थात ‘झेंडा’, मिळतो: भात, राजम्यासारख्या दाण्यांची पातळ आमटी आणि चिकन किंवा दुसरं मांस. भाताची खरवड आवडत असेल तर ‘कोंकोन’ मागा. तिथेही तिच्यावरून भांडणं होतात. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या लेखी फक्त लाल मांस, म्हणून ‘सिन पोयो, सिन हामोन’ (चिकन नको, हॅम नको) हेही जोडा. तरीही आमटीत चिकनच्या चवीची वडी असू शकते. कडक शाकाहारी लोकांनी तोस्तोनेस (चेपून दोनदा तळलेली कच्ची केळी), अव्होकाडो आणि भातावर भिस्त ठेवावी.

हॉटेलच्या बिलात 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवा धरलेली असते. मेनूतला आकडा पाहून हिशेब करू नका. नळाचं पाणी पिऊ नका.

आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेलात तर ‘आबिचुएलास कोन दुल्से’ खाच. गोड राजमा! नाक मुरडू नका. डाळीचं पुरण करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. घरीही जमतं. दोन वाट्या लाल राजमा भिजवून मऊ शिजवा, त्याच पाण्यासकट वाटा, गाळा. त्यात दोन वाट्या नारळाचं दूध, तितकंच आटवलेलं दूध, वाटीभर साखर, दालचिनी, चार लवंगा, चिमूट मीठ. रताळ्याचे वाफवलेले तुकडे आणि मनुका घालून मंद आचेवर ढवळत राहा, कारण ते बुडाला लागतं. पळीवरून हळू ओघळेल इतकं झालं की लोण्याचा चमचा घालून उतरवा. गार करून, वर दुधाची छोटी बिस्किटं ठेवून खातात.

मग समुद्र

सोमवारी सान फ्रान्सिस्को दे माकोरिस आणि नागुआमार्गे ‘सामाना’ या किनाऱ्यावरच्या गावी जा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत कुबड्या देवमासे इथल्या खाडीत पिल्लं द्यायला येतात. परवानाधारक होडीच घ्या, सकाळची, आणि मळमळीची गोळी आदल्या रात्रीपासून जवळ ठेवा. किनाऱ्यावर लोळायचे दिवस यानंतर.

निघताना सुपरमार्केटमधून कसाबेचं पाकीट उचला. टायनो लोकांपासून, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांपासून, चालत आलेली ही कोरडी भाकरी कसाव्याची, म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचीच. 2024 मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बॅगेत हलकी, बरेच दिवस टिकते. तव्यावर गरम करून वर तूप-मीठ लावा. एकादशीला चालते का, हे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.