क्लेमची मुदत हुकली? कुठली ते आधी बघा

बांधकामाच्या करारात क्लेम, म्हणजे जादा पैशांची किंवा मुदतीची मागणी, करण्यासाठी इंजिनिअरला नोटीस द्यायची मुदत घातलेली असते. 'नोटीस २८ दिवसांत आली नाही, सबब क्लेम नामंजूर' असं पत्र आलं की बरेच ठेकेदार फाइल बांधून माळ्यावर टाकतात. घाई करू नका. एक मुदत कराराने घातलेली असते, दुसरी कायद्याने. पहिलीवर भांडता येतं. दुसरी गेली की सहसा खेळ खलास.

भारतीय करार कायद्याचं कलम २८, १९९७ च्या दुरुस्तीनंतर, 'इतक्या दिवसांत मागितलं नाही तर हक्क संपला' ही अट तेवढ्यापुरती रद्दबातल धरतं. समोरचा वकील म्हणेल, नोटीस ही हक्क निर्माण होण्याचीच पूर्वअट होती. युक्तिवाद हलका नाही, म्हणून एकट्या कलम २८ वर विसंबू नका. हिंड्रन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही), साइट मीटिंगची मिनिट्स, मुदतवाढीचा अर्ज, ड्रॉइंग मागणारा ईमेल चाळा. त्यातलं २८ दिवसांच्या आतलं एखादं पत्र, वर 'क्लेम' लिहिलेलं नसलं तरी, नोटीस म्हणून मांडता येतं. उशिरा दिलेल्या नोटिशीवर काम देणाऱ्याच्या इंजिनिअरने हरकत न घेता हिशेब मागवला असेल, तर त्याने मुदतीचा आग्रह सोडला असं म्हणा.

लवाद सुरू करण्याची करारातली मुदत गेली असेल, तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४३(३) खाली न्यायालयाकडे वाढ मागता येते. नाहीतर अवाजवी हानी होईल हे दाखवावं लागतं. इंजिनिअरला द्यायच्या नोटिशीला हे कलम लागत नाही. इथे पुष्कळ जण फसतात.

फायनल बिलासाठी 'नो क्लेम'वर, म्हणजे 'आता काही मागणं नाही' या कागदावर, सही केलीत? दबाव होता हे दाखवता आलं तर दावा उरतो, पण लेखी निषेध लगेच पाठवलेला हवा. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कोणी मानत नाही.

कायद्याची मुदत बहुतेक दाव्यांना तीन वर्षं (मुदत कायदा, १९६३). ती संपण्याआधी देणं असल्याची सहीनिशी लेखी कबुली मिळाली, तर मोजणी नव्याने सुरू होते. नुसत्या पत्रापत्रीने ती थांबत नाही.

इंदूरच्या ठेकेदारांनी हे नीट वाचावं. काम राज्य सरकारचं किंवा त्याच्या उपक्रमाचं असेल, तर करारात लवादाचं कलम असूनही वाद १९८३ च्या मध्य प्रदेश माध्यस्थम् अधिकरण (लवाद न्यायाधिकरण) कायद्याखाली भोपाळच्या अधिकरणात जातो. त्याआधी करारातल्या अंतिम अधिकाऱ्याकडे मागणी टाकावी लागते. त्याचा निर्णय कळल्यापासून एक वर्ष मिळतं. तो सहा महिने गप्प बसला, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. शिवाय करार संपल्यापासून तीन वर्षांची बाहेरची मर्यादा आहेच. 'साहेब बघतो म्हणालेत' यात हे वर्ष सहज निघून जातं.

वकिलाकडे जाताना एका कागदावर चार तारखा लिहून न्या: अडचण कधी आली, पहिलं पत्र कधी गेलं, नकार कधी मिळाला, काम कधी संपलं. प्रत्येक पत्राची पोचपावती सोबत असू द्या.