डावीकडे जादा महाशीर निघाली? या चुका टाळा

डोक्याकडून आणि हातांकडून येणारं रक्त हृदयात आणणारी वरची महाशीर एकच आणि तीही उजवीकडे, असं आपण शाळेपासून शिकत आलोय. गर्भात मात्र सुरुवातीला अशा दोन शिरा असतात. डावी पुढे मिटते आणि तिच्या जागी नुसता तंतुमय पट्टा उरतो. हजारात साधारण 3 ते 5 जणांत ती मिटतच नाही. जन्मजात हृदयदोष असलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. बहुतेकांना याचा पत्ता लागतो तो इको किंवा सीटी करताना, नाहीतर डावीकडून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी) घालताना.

रिपोर्ट हातात पडला की पहिली चूक होते ती घाबरण्याची. दहापैकी नऊ जणांत ही शीर हृदयाच्या मागच्या कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाचं स्वतःचं रक्त गोळा करणाऱ्या शिरेत) उतरते आणि तिथून रक्त उजव्या अलिंदातच जातं. रस्ता वेगळा, मुक्काम तोच. त्यासाठी ना औषध लागतं, ना ऑपरेशन.

दुसरी चूक नेमकी उलटी, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी: ‘निरुपद्रवी आहे’ म्हणून फाईल मिटून टाकणं. उरलेल्यांत ही शीर थेट किंवा आडमार्गाने डाव्या अलिंदात उघडते. अशा माणसाच्या डाव्या हाताला लावलेल्या सलाइनमधून हवेचा बुडबुडा किंवा गुठळी गेली, तर ती फुप्फुसात गाळली न जाता सरळ मेंदूपर्यंत पोचू शकते. म्हणून शीर आहे एवढं कळून भागत नाही, ती कुठे उतरते ते बघावंच लागतं.

त्यासाठी साधी चाचणी आहे: हवेबरोबर घुसळलेलं सलाइन शिरेतून देऊन इकोवर बुडबुडे बघायचे. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे सुई उजव्या हाताला लावणं. मग बुडबुडे उजव्या महाशिरेतून नेहमीच्या वाटेने येतात आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं. सुई डाव्या हाताला हवी. बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमध्ये आणि मग उजव्या अलिंदात दिसले तर चिंता नाही; डाव्या अलिंदात आधी उमटले तर पुढची तपासणी हवीच. त्यानंतर उजव्या हातातूनही एकदा द्यावं. तेही बुडबुडे कोरोनरी सायनसमधूनच आले, तर उजवी महाशीर नसण्याचीच शक्यता जास्त. हे क्वचित घडतं, पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याची डावी शीर बांधली किंवा दाबली गेली तर डोक्याकडचं रक्त परतायला वाटच उरत नाही.

एक्स-रेमध्ये सेंट्रल लाइन मणक्याच्या डाव्या बाजूने खाली उतरताना दिसली की दोन प्रकारे घाई होते. कुणी ती धमनीत गेली समजून लगेच उपसून काढतं. कुणी ‘डावी महाशीर असेल’ म्हणून वापरायला लागतं. दोन्ही धोक्याचं. नळीतला दाब मोजा, रक्ताचं गॅस ॲनालिसिस (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) करा, नळी शिरेत आहे की धमनीत ते मग ठरवा. जाड नळी खरंच धमनीत असेल, तर ती ओढून काढणं हेच मोठ्या रक्तस्रावाला निमंत्रण ठरू शकतं.

पेसमेकरची तार या वाटेने नेता येते, पण उजव्या निलयात शिरताना तिला अवघड वळण घ्यावं लागतं. म्हणून बरेच जण बाजू बदलून उजवीकडून जातात. त्याआधी उजवी महाशीर आहे ना, हे बघितलेलं बरं.

डायलिसिसचा कॅथेटर, केमोथेरपीचा पोर्ट, पेसमेकर किंवा हृदयाचं ऑपरेशन ठरलं की रुग्णाने हा जुना रिपोर्ट स्वतःहून पुढे करावा, कुणी विचारेल याची वाट बघू नये. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: डावी शीर कुठे उतरते, उजवी आहे का, आणि दोघींना जोडणारी आडवी शीर आहे का. तिसरी बहुतेकदा राहूनच जाते. ती लिहून मागा.