शेक देण्याआधी: फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमधील सहा महिने

चार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप, असा माझ्या तुकडीचा बी.पी.टी.चा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, क्रम होता. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची सकाळची गाडी पकडून नवी मुंबईतील एका रुग्णालयात जात असे. ऑर्थो (हाडे-सांधे), न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्था), अतिदक्षता विभाग, कम्युनिटी (वस्तीतले काम) या पोस्टिंग कशा फिरतात हे सीनियरांकडून तुम्हा नव्या इंटर्नना कळलेच असेल, म्हणून ते सांगत बसत नाही. ज्या एका चुकीने माझी झोप उडवली, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणार आहे.

ऑर्थो ओपीडीतील माझा तिसरा आठवडा होता. वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी म्हणून आयुष्यभर गोण्या वाहिलेले एक काका टाचदुखीसाठी येत असत. त्यांना अनेक वर्षांचा मधुमेह होता आणि तसे केसपेपरवर स्पष्ट लिहिलेले होते. त्याखाली आधीच्या इंटर्नने ‘संवेदना शाबूत’ असा शेरा मारला होता. बाहेर बाकावर अकरा रुग्ण बसलेले होते. मी तोच शेरा त्या दिवसाच्या तारखेखाली उतरवला, टॉवेलात गुंडाळलेला हॉट पॅक, म्हणजे शेकाची गरम पिशवी, टेबलावर ठेवला, त्यावर काकांची टाच टेकवली आणि विचारले, “काका, जास्त गरम लागतंय का?” ते म्हणाले, “नाही गं पोरी, बरं वाटतंय.” मी पुढच्या रुग्णाकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड होता आणि तो त्यांना दुखतही नव्हता.

इथे चुका एकावर एक रचलेल्या होत्या. ज्याच्या पायाची संवेदना मंदावली आहे, त्याला ‘गरम लागतंय का’ असे विचारणे निरर्थक असते, कारण ज्या मज्जातंतूंनी उत्तर द्यायचे तेच बधिर झालेले असतात. दीर्घकाळच्या मधुमेहात हा बधिरपणा बहुधा पावलांपासून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो, त्यामुळे त्याच रुग्णाच्या खांद्याची संवेदना उत्तम असली तरी टाचेविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. दुसरी चूक पाय पॅकवर टेकवण्याची. हायड्रोकोलेटरमधले, म्हणजे पॅक तापत ठेवायच्या टाकीतले, पाणी सत्तर अंश सेल्सिअसच्या वर असते. टॉवेलाचे सहा ते आठ थर हेच आपले संरक्षण, आणि शरीराचे वजन वर आले की ते थर दबतात. शिवाय दाबामुळे त्या जागेचा रक्तप्रवाह कमी होतो आणि साठलेली उष्णता वाहून नेली जात नाही. पॅक नेहमी अवयवावर ठेवावा, अवयव पॅकवर नाही. तिसरी चूक म्हणजे पाच मिनिटांनी पॅक उचलून त्वचा पाहिली नाही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली पटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना करावी आणि हाताच्या पाठीने स्पर्श करूनही पाहावे. त्वचेवर लाल-पांढरे चट्टे उमटू लागले असतील, तर शेक तिथेच थांबवावा.

तपासणीला खरोखर तीन-चार मिनिटे लागतात. दोन परीक्षानळ्या घ्याव्यात, एकीत ४० ते ४५ अंशांचे कोमट पाणी आणि दुसरीत गार पाणी. आधी रुग्णाच्या हातावर किंवा कपाळावर दोन्ही लावून ‘हे गरम, हे गार’ अशी ओळख करून द्यावी. मग डोळे मिटायला सांगून, कोणताही क्रम न ठेवता, जिथे शेक द्यायचा नेमक्या त्याच जागी नळ्या लावाव्यात. उत्तर अडखळत आले तरी शेक देऊ नये. टाचदुखीला पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम शेकाविनाही करता येतात. ‘आज मशीन नाही लावणार का?’ असे रुग्ण विचारतील आणि काही नाराजही होतील. तरीही नकार देता आला पाहिजे.

मी त्याच दिवशी आमच्या मॅडमना सगळे खरे सांगितले. त्यांनी काकांना ड्रेसिंगसाठी पाठवले, केसपेपरवर घटना माझ्याच हाताने लिहून घेतली आणि पुढचे दोन आठवडे माझ्या प्रत्येक रुग्णाच्या वेळी त्या शेजारी उभ्या राहिल्या. जखम भरून आली. तुमच्याही हातून काही ना काही चुकेल, पण ते लपवले नाही, तर ते बहुतेक वेळा सावरता येते.

मार्गदर्शक निवडायची संधी मिळाली, तर तुमच्या हातांकडे पाहणारा निवडा. नावाजलेला, पण रुग्ण तुमच्यावर सोपवून केबिनमध्ये जाणारा वरिष्ठ इंटर्नच्या फारसा उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घराजवळच्या क्लिनिकमध्ये न जाता केवळ लॉगबुकवर सह्या मिळवणाऱ्यांविषयी तर मला रागच आहे, कारण पुढे त्यांच्या हाताखाली खराखुरा रुग्ण येतो. टेपिंग आणि कपिंगचे शनिवार-रविवारचे कोर्सही इंटर्नशिप संपेपर्यंत थांबू शकतात. सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरचा अक्ष गुडघ्यावर नेमका कुठे धरायचा हे चाचपडत असताना नवी प्रमाणपत्रे जमवून काही हाती लागत नाही.

न्यूरोत अर्धांगाच्या रुग्णाला उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नका, त्याने खांदा निखळतो. अतिदक्षता विभागात पहिले काही दिवस नळ्या आणि मॉनिटर पाहून हात थरथरतील, ते आपोआप थांबते. तिथल्या सिस्टरना विचारून मगच रुग्णाला बसवा, आणि झोपून उठवल्यावर रक्तदाब पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने उतरला, तर त्या दिवशी उभे करण्याची घाई नको.

कम्युनिटी पोस्टिंगला जाताना दोन परीक्षानळ्या आणि गरम पाण्याचा छोटा थर्मास बॅगेत ठेवा. वस्तीतल्या शिबिरात टेबल-खुर्ची मिळते, गरम पाणी मिळेलच असे नाही, आणि रांगेतले निम्मे लोक टाच किंवा गुडघा दाखवायला आलेले असतात.