अंड्यातून मोटार: चार्ली बॉवर्सची करामत घरच्या टेबलावर
मूकपटांतला विनोदवीर आणि ॲनिमेटर चार्ली बॉवर्स आज विस्मरणात गेलाय, हे फार वाईट. ‘एग्ड ऑन’मध्ये (१९२६) त्याने अंड्यांतून चिमुकल्या मोटारी काढल्या, वस्तू जरा-जरा सरकवत आणि दर वेळी एक चित्र टिपत; हेच स्टॉप-मोशन.

मोबाईल स्टँडला घट्ट बांधा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा, म्हणजे ते आपोआप बदलणार नाहीत. फिल्मच्या दर सेकंदाला १२ फोटो. दहा सेकंदांना १२०. अंड्याचं टरफल धुऊन वाळवा, तुकडे आतून मऊ मेणाने जोडा. दर फोटोला तुकडा २ मिलिमीटरच हलवा. जास्त हलला की हालचाल उडी मारते.

खिडकी बंद, दिवा एकच. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात ढग सारखे येतात-जातात, उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं. टेबलाला धक्का लागला, तर तो शॉट पहिल्यापासून घ्या.