गिटार वाजवताना पाठ दुखायली? आधी बसायचं बघा

गिटार घेऊन वर्ष झालं, कॉर्ड बदलायला जमतात, पण अर्धा तास झाला की पाठ दुखायली, डावं मनगट भरून यायलं, उजवा खांदा कानाला टेकायला निघालाय, असं होत असेल तर प्रॅक्टिस वाढवू नका, आधी कसं बसताय ते बघा. मला हे लई उशिरा कळलं. लातूरला शिकायला होतो तेव्हा रूमवर आम्ही चौघं अन् खुर्ची एकच, तीबी अभ्यासाला लागायची, मग मी आपला लोखंडी कॉटवर बसून वाजवायचो. गादी अशी की बसलं की बूड खाली अन् गुडघे वर. त्यात मोठ्या डब्याची ड्रेडनॉट गिटार, तिच्यावर वाकून फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या, बघत बसायचं. दोन वर्षं असंच चाललं, मग उजव्या हाताच्या करंगळीला अन् तिच्या शेजारच्या बोटाला रात्री मुंग्या यायला लागल्या तेव्हा डोळे उघडले.

तर पहिली टेस्ट सांगतो, आत्ता करून बघा. नेहमीसारखं गिटार घेऊन बसा आणि दोन्ही हात सोडून टाळी वाजवा. गिटार जागची हलली नाही तर तुमचं बसणं बरंय. गिटारची मान, म्हणजे तिचा लांब दांडा, खाली झुकली किंवा डबा मांडीवरून घसरला, तर याचा अर्थ तुमचा डावा हात इतके दिवस मान उचलून धरायचं काम करायलाय, आणि वर त्यालाच कॉर्ड पण धरायचेत. ओझं उचलणारा हात बोटं कशी पटपट हलवणार? गिटार मांडी, छाती आणि उजव्या दंडाखालचा भाग या तिघांनी धरायची, डाव्या पंजानं नाही.

खुर्ची बिनहाताची पाहिजे. घरोघरी असते ती हातवाली प्लास्टिकची खुर्ची यासाठी बेकार, तिच्या हाताला गिटार अडते, मग माणूस तिरकं बसतो आणि कंबर पिळते. दुसरी नसलीच तर अगदी पुढच्या कडेला बसा म्हणजे खुर्चीचे हात मागे राहतात. साधा स्टूल सगळ्यात भारी. उंची एवढी की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. कॉट, सोफा, झोपाळा यांच्यावर गाणं गुणगुणायला बसा, प्रॅक्टिसला नको.

आता क्रम लक्षात ठेवा, इथंच सगळे चुकतात. आधी आपण ताठ बसायचं, खांदे सैल सोडायचे, श्वास सोडायचा, आणि मग गिटार आपल्याकडं आणायची. आपण गिटारकडं जायचं नाही. डब्याची कंबर, म्हणजे मधला आत गेलेला भाग, उजव्या मांडीवर, मागची बाजू पोटा-छातीला टेकलेली, आणि मान जमिनीला समांतर नको, जराशी वर पाहिजे, म्हणजे गिटारचं डोकं (खुंट्या असतात ते टोक) साधारण तुमच्या खांद्याच्या उंचीला येईल एवढी. शिवाय मान थोडी पुढच्या दिशेला जाऊ द्या, एकदम अंगाला चिकटून नको, नाहीतर डावा कोपर बरगडीत अडकतो.

पाश्चात्त्य क्लासिकल गिटार वाजवणारे वेगळे बसतात. ते डाव्या पायाखाली फूटस्टूल घेतात, गिटार डाव्या मांडीवर, मान तिरकी वर आणि डोकं जवळपास डोळ्यांसमोर. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) नावाचे स्पॅनिश वादक होते, ही बैठक रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कॉर्ड वाजवून गाणं म्हणणाऱ्यानंसुद्धा ही बैठक करून बघावी, कारण पाठीला खरंच आराम पडतो आणि डावं मनगट आपोआप सरळ होतं. फूटस्टूल विकत आणायची गरज नाही. एक वीट घ्या, जुन्या टॉवेलात गुंडाळा. आडवी ठेवली की साधारण ३ इंच, कडेवर उभी केली की ४ इंच, दोन विटा एकावर एक ठेवल्या की ६ इंच. फूटस्टूल असतो ४ ते ८ इंचांचा, त्यामुळं विटांत काम भागतं. मी अजून विटाच वापरतो, आई म्हणते बांधकाम निघालंय का घरात. एक सांगतो, तासन् तास एकच पाय वर ठेवला तर कंबरेचा एक बाजूचा भाग धरतो, मधेमधे वीट काढून ठेवत जा.

उजवा हात. डब्याच्या वरच्या कडेला हाताचा जो भाग टेकतो तो कोपराच्या थोडा पुढचा असावा, आणि हात नुसता ठेवलेला, रेटलेला नाही. मी कडेवर जोर देऊन बसायचो, माझ्या मुंग्यांचं मूळ तिथंच होतं. खांदा वर उचलावा लागत असेल तर गिटार तुमच्या मापाची नाहीये. माझ्या भाचीला, अकरा वर्षांचं लेकरू, दुकानदारानं "मोठी झाल्यावर पण चालेल" म्हणून ड्रेडनॉट गळ्यात मारली. शाळेचा ड्रेस घेतल्यासारखं वाढत्या अंगाचं माप! बिचारीचा उजवा हात डब्यावरून पलीकडं पोचायचाच नाही, कोपर आभाळाकडं. तिला तीन-चतुर्थांश साईझची दिली अन् आठ दिवसांत तक्रार बंद.

डाव्या हाताचं एकच बघा, मनगट. ते जितकं सरळ तितकं चांगलं. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर येईल असा, हलका. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे दाबा, मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि वर तार खरखरते ती खरखरतेच. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचा, धरताना सगळे अंगठ्यानं चिमटा काढतात, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. त्यापेक्षा कोपर खाली सोडा आणि अख्ख्या हाताच्या वजनानं बोट तारांवर मागे ओढा, डबा उजव्या हातानं धरलेला आहेच. एवढं करूनही जमेना तर तारांची उंची तपासा. बाराव्या फ्रेटवर तार आणि पट्टीत ४ मिलिमीटर फट असेल तर तिथं कुणाचंही बोट दुखणार, सेटिंग करून घ्या.

पट्टा बसून वाजवतानाही लावा, लोकांना वाटतं तो उभं राहण्यासाठीच. लांबी अशी ठेवा की उभं राहिलं तरी गिटार त्याच उंचीला राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार फोटोत भारी दिसते, पण मनगट काटकोनात वाकतं. पट्ट्याची लेस गिटारच्या डोक्याकडं बांधायची असेल तर ती तारांच्या खालून घ्या.

आता आपल्याकडचा प्रश्न, उन्हाळा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर गेला की उघडा हात डब्याला चिकटतो, मग हात सरकवायला खांदाच हलवावा लागतो. जुना पायमोजा पुढून कापा अन् उजव्या हातात चढवा, सुरळीत सरकतो. मांडीवरून गिटार घसरत असेल तर किचनच्या ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट मांडीवर टाका, वाजवून झालं की काढून ठेवा, गिटारला चिकटवून ठेवू नका, काही पॉलिश खराब होतात. आणि कूलरसमोर बसून वाजवू नका, ओल्या हवेनं लाकूड फुगतं अन् तारा गंजतात.

खाली बसून वाजवायचं तर? भजनात हार्मोनियमवाले मांडी घालून बसतात, गिटारलाही चालतं, पण नुसत्या सतरंजीवर नको, पाठीचा कुबड होतो. वाकळ किंवा चादर चारपदरी घडी करून बुडाखाली घ्या, बूड गुडघ्यांपेक्षा वर आलं की पाठ आपोआप सरळ होते. तरी वीस मिनिटांच्या वर नको. खुर्चीवरसुद्धा अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, हात झटका.

बोटांची टोकं दुखणं सुरुवातीला चालतं, घट्टे पडले की थांबतं. मुंग्या मात्र चालत नाहीत. अंगठा, पहिलं अन् मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटापाशी नस दबत असू शकते, करंगळीकडं असेल तर कोपरापाशी. बसणं बदलून, चार दिवस गिटार ठेवूनही गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा.

शेवटचं, वाकून बघायची सवय. मानेच्या वरच्या कडेला, तुमच्या बाजूला, बारीक ठिपके असतात, बहुतेक ३, ५, ७, ९ आणि १२ व्या फ्रेटला. ते बघायचे, फ्रेटबोर्डचा चेहरा नाही, त्यासाठीच लोक डबा पोटाकडं आडवा करतात अन् मग मनगट मोडतं. माझी ही सवय लोडशेडिंगनं घालवली. लाईट गेली की रूमवर करण्यासारखं काही नसायचं, अंधारात फ्रेट दिसायचेच नाहीत, मग वाकून काय बघणार? पहिले दोन दिवस सगळं बेसूर, रूममेट म्हणायचे, "कामून त्रास देतो बे, मेणबत्ती तरी लाव." चौथ्या-पाचव्या दिवशी जी-सी-डी हे कॉर्ड बिनचूक बसायला लागले. तुमच्याकडं लाईट जात नसेल तर बटण बंद करा.